माझं नाव जयू सांगते

९ जानेवारी, गुरुवार

बँकेचं काम झालं. जयूने माझ्या नावाने फोन केला, मी समोर बसून मटार सोलले. "हो, पल्लवीच बोलतेय." माझी जन्मतारीख, पत्ता, आईचं नाव, तिला सगळं पाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र प्रकाशला विचारते. मध्येच पलीकडची बाई काही विचारायची, मग ज. माझ्याकडे बघून भुवया उडवायची आणि मी मानेने हो-नाही करायचे. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तुझ्यापेक्षा मी बरी पल्लवी आहे."

खरं आहे. वर्गात मी अडखळत नाही. उभं राहिलं, समोर बाकं असली, हातात पुस्तक असलं की वाक्यं सरळ येतात. घरात थोडं अडतं. फोनवर सगळंच बंद. आणि स्वतःचं नाव तर कुठेच येत नाही. 'प'ला ओठ मिटतात ते उघडतच नाहीत.

मामा गेल्यावर त्याची ही मुलगी जुन्नरहून आमच्याकडे डोंबिवलीला आली तेव्हा ती पाचवीत होती, मीही. हजेरी चालू होती. माझं नाव आलं, मी गप्प. शेजारून तिने "हजर बाई" म्हटलं. बाई खाली बघून खुणा करत होत्या. पुढे दोघींच्या नावाला तीच हजर.

फोन टेबलावर उपडा ठेवला. तो वाजलेला दिसू नये म्हणून.

१२ जानेवारी, रविवार

ज.चा मेसेज. "हे सेक्रेटरीला पाठवायचंय. थंड करून दे."

बाळकुमला त्यांच्या कॉम्प्लेक्समध्येच सोसायटीच्या ऑफिसात ती काम करते. सेक्रेटरीशी रोज वाजतं.

मूळ: "तुमच्या घरचं कार्टं लिफ्टमध्ये अडकलं असतं तर एव्हाना तीन मेकॅनिक येऊन गेले असते. बी विंगमध्ये काय माणसं राहत नाहीत का?"

मी: "बी विंगच्या लिफ्टची दुरुस्ती रखडली आहे. ज्येष्ठांना त्रास होतो. कृपया या आठवड्यात लक्ष घालावे."

तिचं उत्तर: "किती मेलेलं लिहितेस गं. बरं पाठवते."

नवऱ्याला, दिराला, पुण्याच्या मुलीला, तिच्याकडून जाणारं सगळं माझ्याकडून जातं. मध्ये प्रकाश मला म्हणाला, "जयू मेसेजवर फार समजूतदार असते. घरी आली की कोणी तरी वेगळीच." म्हणताना हसत होता. त्याला माहीत आहे का, कळलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळी मेसेज आला. कोकणातल्या त्या कॉलेजच्या प्राचार्यांचा. निवड झाली. पूर्णवेळ. "शुक्रवारपर्यंत फोनवर होकार कळवावा, म्हणजे पुढची कागदपत्रं करता येतील."

इतकी वर्षं तासिकेवर. ठाण्यातल्या दोन कॉलेजांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी शिकवते. दर जूनमध्ये बोलावतील की नाही, हे बोलावेपर्यंत माहीत नसतं.

मुलाखतीला डिसेंबरमध्ये ज. बरोबर आली होती. मी आत पाठ घेतला, चांगला झाला. ती कॅन्टीनमध्ये बसून भज्यांच्या तेलावरून भांडली, मग त्याच माणसाकडून कोकमं घेऊन आली. परतताना एसटीत म्हणाली, "नाही होणार बघ. ह्यांचं माणूस ठरलेलं असतं." समजूत घातल्यासारखं म्हणाली. मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

दुपारी ती स्कूटरवर न्यायला आली, तिच्याकडे हळदीकुंकू होतं. मी मागे. स्कूटरवर मी अडखळत नाही. हेल्मेट, वारा, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून असेल. माणकोलीच्या पुलावर सांगून टाकलं. सगळं, सलग, एकही अक्षर न अडता. वाटलं वाऱ्यात गेलं.

पूल संपल्यावर, सिग्नलला: "ऐकलं मी."

संध्याकाळी बायकांसमोर माझ्या हातावर वडी ठेवत म्हणाली, "तिळगूळ घे आणि बोल. गोड नको, नुसतं बोल." सगळ्या हसल्या. मीही.

१६ जानेवारी, गुरुवार

आईला सांगितलं. म्हणाली, "मी येईन की. तिकडे मला कोणी ओळखत नाही, बरंच आहे." आणि माळ्यावरचं काय टाकायचं, काय न्यायचं ते बोलू लागली. चौऱ्याहत्तर वर्षांची, पण टाकायला सगळ्यांत पुढे.

ज. आली तेव्हा आई भांडी निवडत होती. ज.ने टाकायच्या ढिगातून एक पितळी डबा उचलला. "हा का टाकतेयस आत्या?"

"झाकण बसत नाही त्याचं."

"मला दे."

"तुझ्याकडे जागा कुठे आहे? ठेव तो."

तिने ठेवला नाही. जाताना पिशवीत घालून नेला.

फोनचं मी काही बोलले नव्हते. दारात चपला घालताना तीच म्हणाली, "उद्या मीच करते ना?" मी मान हलवली.

१७ जानेवारी, शुक्रवार

दुपारी आली. आई झोपली होती. नंबर तिच्याकडे आहेच, तरी माझाच फोन घेतला. नेहमी माझ्यासमोर बसून करते. आज म्हणाली, "आत रेंज नाही," आणि गॅलरीत गेली, मागे दार ओढून घेतलं. काचेतून पाठ दिसत होती. एका हाताने वाळत घातलेल्या पंच्याला गाठ मारत होती, सोडत होती.

आली. "झालं."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार. चांगला माणूस आहे."

मी चहा टाकला. तिने घेतला नाही. तिने चहाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

१९ जानेवारी, रविवार

मोठी बॅग आणली. पुस्तकांचे ढीग केले. नकाशात कॉलेज शोधलं. मागे डोंगर, पुढे एसटी स्टँड.

तिथे माझे फोन कोण करील, हा विचार काल रात्री पहिल्यांदा आला. गॅसचा नंबर लावायचा, घरमालकाशी बोलायचं. मग सुचलं, ज. इथून करील. फोनला काय, कुठूनही करता येतो. एवढं सुचल्यावर शांत झोप लागली. सकाळी त्या शांतपणाचा राग आला.

२३ जानेवारी, गुरुवार

प्राचार्यांचा मेसेज.

"आपला नकार कळल्यावर वाईट वाटले, पण कारण समजण्यासारखे आहे. मातोश्रींना लवकर आराम पडो. सोमवारी दुपारी संस्थेची बैठक आहे, तेव्हा यादीतल्या पुढच्या उमेदवारांचे नाव ठेवतो. आपल्या अध्यापनाची आठवण राहील."

वाचला तेव्हा मातोश्री स्टुलावर उभी राहून माळ्यावरची लोणच्याची बरणी काढत होती.

तिला काही सांगितलं नाही. बरणी खाली घेतली.

ज.ला फोन केला नाही. मी कधीच करत नाही, तीच करते. संध्याकाळी तिचा आला. उपड्या फोनच्या कडेने उजेड दिसला. उचलला नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

ठाण्यातले तास संपवून रिक्षाने बाळकुम. ज. ऑफिसात होती. समोर एक आजोबा पार्किंगची तक्रार घेऊन बसले होते. मला बघितल्याबरोबर त्यांना म्हणाली, "काका, तुमची गाडी उद्या. आज माझ्या घरचं आलंय."

मी फोन पुढे धरला. तिने वाचला.

"आत्या पडली होती ना मागे."

"तीन व-वर्षांपूर्वी."

"पडली होती ना पण."

मी म्हणायला गेले, तू मला विचारायला हवं होतंस. "तू मला वि... वि..." ओठ आणि दात तिथेच अडकले. ती वाट बघत होती. मग सवयीने तिनेच वाक्य पुरं केलं. "विचारायला हवं होतं. हो. हवं होतं."

माझा आरोपसुद्धा तिनेच केला.

पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "एक सांगू पल्ले? राग नको मानू. तुला खरंच जायचं असतं, तर हा एक फोन तू स्वतः केला असतास."

"मला ये-येत नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तुला मेसेज येतो की. त्यांचा मेसेजच आलेला ना? हो म्हणून दोन अक्षरं टाकायचीस. माझ्याकडे कशाला दिलंस?"



त्यांनी फोनवर कळवा म्हटलं होतं, म्हणून फोन. एवढंच मनात आलं, आणि ते मलाही पटलं नाही.

निघताना ती मागून म्हणाली, "रिक्षा बोलावते थांब." मी चालत हायवेपर्यंत गेले.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी प्राचार्यांना मेसेज केला. तीन वेळा लिहून. "निर्णयाबाबत गैरसमज झाला आहे. मला यायचे आहे. आईची प्रकृती उत्तम आहे."

उत्तर लगेच. "आश्चर्य वाटले. आपण स्वतः फोनवर सविस्तर बोलला होतात. अशा गोष्टी मेसेजवर नकोत. कृपया फोन करावा."

थोड्या वेळाने त्यांचाच फोन. वाजून वाजून बंद झाला.

त्यांच्या लेखी पल्लवी म्हणजे ज.चा आवाज. घडाघडा बोलणारी बाई. आता मी अडखळत बोलले तर ते विचारतील, तुम्ही कोण? आणि तेही मला सांगता येणार नाही.

दुपारी ज.चा मेसेज.

"हे पल्लूला पाठवायचंय. थंड करून दे."

खाली:

"पल्ले तू मला चोर ठरवलंस. आहेच मी चोर. पण मला माहेर म्हणून एकच घर आहे. ते तू कुलूप लावून कोकणात नेणार आणि मला सांगतेस फोन करून सांग की हो नेते. माझ्या तोंडाने. एवढी पुस्तकं वाचतेस हे नाही कळलं? मी नाही म्हणायला फोन नव्हता केला. हो म्हणायलाच केला होता. तो माणूस म्हणाला मग येताय ना आणि माझ्या तोंडातून हो निघेना. ओठ हलेनात. तुझं कसं होतं ते पहिल्यांदा कळलं. मग आत्याचं काहीतरी निघालं तोंडातून. बाकी सगळं निघतं ना माझ्या तोंडातून. तू गेलीस तर मी सगळ्यांशी भांडून एकटी पडणार आहे हे तुला माहीत आहे तरी चाललीस."

हात सवयीने चालू लागला. 'चोर'चं वाक्य काढलं. 'तरी चाललीस' काढलं. 'माहेर'पाशी आले आणि थांबले. मी काय करत होते? तिचा माझ्यावरचा राग मी माझ्यासाठीच निवत ठेवत होते. तिने तो परत पाठवला असता आणि मी माझीच वाक्यं वाचून तिला समजूतदार म्हटलं असतं.

काढलेलं सगळं पुन्हा टाकलं. लिहिलं, "जसा आहे तसा पाठव."

मेसेज आला, जसाच्या तसा. खाली एक ओळ वाढवलेली. "आत्याला सांगू नको."

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीत झेंडावंदन. आईने जिलेबी आणली. तिला सगळं सांगितलं. लोणचं वाढता वाढता ऐकत होती.

"म्हणजे मी आजारी आहे?"

"हो."

"काय झालंय मला?"

"ते वि-विचारलं नाही."

"विचारून ठेव. कोणी भेटायला आलं तर सांगायला बरं." मग जरा वेळाने, "ती एकटी पडेल हे खरं आहे. पण ती पडली तर उठेल. तू पडत नाहीस आणि उठतही नाहीस."

दुपारी गच्चीवर जाऊन नंबर लावला. त्यांनी "हॅलो" म्हटलं. 'मी' आलं. पुढचा 'प' मिटला तो मिटला. "हॅलो, कोण?" मी बंद केला. खाली येऊन कपड्यांच्या घड्या केल्या.

संध्याकाळी ज.चा मेसेज. थंड करायला नव्हे, कळवायला. काल तिने सेक्रेटरीला लिफ्टचं पुन्हा लिहिलं, मला न विचारता. कार्ट्याचं वाक्य तसंच, वर अजून एक. आज लिफ्ट चालू झाली. सेक्रेटरीने बोलणं टाकलंय.

"म्हणजे झालं पण आणि नाही पण झालं," असं लिहिलं होतं तिने.

इतकी वर्षं मी काय थंड करत होते?

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी ज. दारात. दोन हेल्मेटं, पोळीच्या गुंडाळ्यांचा डबा.

"चल. रजा टाकलीय मी. पनवेलपर्यंत स्कूटर, तिथून एसटी. समोर उभं राहून सांगू."

"त्यांची मी-मीटिंग दुपारी आहे. पोचणार नाही आपण."

"मीटिंग लांबते गं. मीटिंगा लांबतातच. चल तर."

गेले. नाही म्हणायला वेळ लागतो मला, ती तोवर जिन्यात असते.

कल्याण-शीळ रस्ता. मेट्रोचे खांब, धूळ, ट्रक. मी मागे. ती वारा कापत ओरडून सांगत होती तिथे काय काय बोलायचं. "मी सुरुवात करते. चूक माझी आहे ना, मग मीच. तू फक्त हो म्हण."

तू फक्त हो म्हण.

शीळफाट्याच्या अलीकडे मी म्हटलं, "जयू, थांबव." अडलं नाही. स्कूटरवर अडत नाहीच.

"काय गं? चक्कर येतेय?"

"फोन करते."

"मी लावून देते."

"नको."

ती बघत राहिली. मी रस्त्याच्या कडेलाच नंबर लावला. कंटेनर, हॉर्न, बसवाल्यांची पनवेल-पनवेल. हा आवाज मला हवाच होता, स्वतःला ऐकू येणार नाही असा. बोलायला लागले, बरं चाललंय असं वाटलं. पलीकडून, "काही ऐकू येत नाही हो. शांत जागी जाऊन बोला." फोन बंद.

समोर एटीएमची केबिन होती. आत गेले. काचेचं दार मागे मिटलं आणि आवाज संपला. नुसता एसी. माझा श्वास मला ऐकू येत होता.

"हॅलो."

"मी."

"कोण बोलतंय?"

'प' आला. ओठ मिटले. काचेपलीकडे ज. स्कूटरला टेकून उभी होती, हेल्मेट काढून हातात. माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. माझं नाव म्हणत होती, आपोआप, इतकी वर्षं म्हणते तसं. मी पाठ फिरवली.

"हॅलो? नेटवर्क गेलं वाटतं."

"थांबा," मी म्हटलं. हे आलं.

ते थांबले. किती वेळ ते माहीत नाही. मशिनच्या पडद्यावर कार्ड घाला, कार्ड घाला येत होतं. मग "पल्लवी" आलं. तुकड्यातुकड्यांत आलं, पण माझ्याच तोंडून.

"मॅडम, आधी बोललात तो आवाज असा नव्हता."

"ती मी न-नव्हते."

"मग कोण होत्या त्या?"

"बहीण."

ह्या शब्दाला अडले नाही. 'ब'ला तेच ओठ, तेच मिटणं, तरी नाही.

"आणि आईंची प्रकृती?"

"ठणठणीत. ल-लोणचं घालते."

ते हसले की खोकले, कळलं नाही. मग सावकाश बोलले. वर्गातला माझा पाठ त्यांनी ऐकला होता, तेव्हा असं काही जाणवलं नव्हतं. मी म्हटलं, वर्गात होत नाही. म्हणाले, नाव पुढे ठेवायचं तर संस्थेला सगळं सांगावं लागेल, दोन आवाजांचंही, आणि संस्थेला ते कसं वाटेल हे आत्ता सांगता येत नाही. मी बरं म्हटलं.

"गुरुवारपर्यंत मी फोन करतो. मॅडम, तो तुम्हीच उचला."

बाहेर आले. आवाज पुन्हा अंगावर.

"झालं?" ज.ने विचारलं.

"माहीत नाही."

"काय म्हणाले? काय विचारलं? माझं विचारलं का? शिव्या घातल्या का मला?"

"नाही."

"मग काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

सांगितलं नाही. ते मी माझ्यापाशीच ठेवलं. तिने डबा उघडला. कडेला उभ्या राहून दोघींनी पोळ्या खाल्ल्या. मग तिने स्कूटर डोंबिवलीकडे वळवली. वाटेत मी काही बोलले नाही. बोलता आलं असतं.

२९ जानेवारी, बुधवार

दोन दिवस ज.चा फोन नाही. असं कधी झालं नाही. काल वाटलं, रागावली. आज दुपारी मेसेज: "त्यांचा फोन यायचाय ना. लाईन मोकळी राहू दे म्हणून करत नाहीये. रागावले नाहीये. थोडी आहे. पितळी डबा आत्याला परत देणार नाही."

थंड करायला सांगितलं नव्हतं.

आईने विचारलं, सामान बांधायचं की सोडायचं? म्हटलं, राहू दे तसंच.

तास घेऊन आले. टेबलावर बसले आहे. फोन आज सुलटा ठेवला आहे.